बिलावल भुट्टो आणि सहा कालवे : पाच विरुद्ध तीनचा हिशेब

पाकिस्तानच्या सामाईक हितसंबंध परिषदेत आठ सदस्य असतात: अध्यक्षस्थानी पंतप्रधान, चार प्रांतांचे मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांनी नेमलेले तीन केंद्रीय सदस्य. निर्णय बहुमताने होतो. २८ एप्रिल २०२५ रोजी ही परिषद पंजाबच्या वाळवंटात पाणी नेणाऱ्या नियोजित चोलिस्तान कालव्यावर बसली. पंतप्रधान शाहबाज शरीफ, त्यांचे तिघे आणि पंजाबच्या मुख्यमंत्री मरियम नवाज (शाहबाज यांची पुतणी) अशी पाच मते कालवा हवा असणाऱ्यांच्या हातात होती. सिंध, बलुचिस्तान आणि खैबर पख्तुनख्वा एकदिलाने विरोधात गेले असे धरले तरी मते तीनच होतात. तरीही त्या दिवशी कालवा अडला, आणि मतदान घ्यायची वेळच आली नाही.

हे घडवून आणल्याचे श्रेय पाकिस्तान पीपल्स पार्टीचे अध्यक्ष बिलावल भुट्टो झरदारी यांना मिळाले. बरेचसे खरे, थोडे फुकटचे. परिषदेची बैठक हा या प्रकरणाचा शेवटचा अंक होता. खरा खेळ आधीच्या चौदा महिन्यांत झाला. आघाडीतल्या धाकट्या पक्षाच्या तरुण नेत्याकडे नेमके कोणते बळ असते आणि ते कधी चालत नाही, हे समजायला दक्षिण आशियात यापेक्षा चांगले प्रकरण अलीकडे घडलेले नाही.

अध्यक्ष आहेत, पण कुठल्या पक्षाचे?

बिलावल यांचा जन्म सप्टेंबर १९८८चा. २७ डिसेंबर २००७ला रावळपिंडीत आई बेनझीर यांची हत्या झाली आणि तीन दिवसांनी, नौदेरोच्या वाड्यात, १९ वर्षांच्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला पक्षाध्यक्ष जाहीर केले गेले. नॅशनल असेंब्लीसाठी किमान वय २५ लागते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे पक्षाचा चेहरा मुलाचा आणि कारभार वडिलांचा, आसिफ अली झरदारींचा, असा राहिला. २०१८मध्ये बिलावल पहिल्यांदा लढले तेव्हा लारकाना जिंकले, पण कराचीतले ल्यारी हे पक्षाचे माहेरघर गमावले. तिथे ते तिसरे आले. २०२४मध्ये लाहोरमधून लढून पाहिले, तिथेही तिसरे. पंजाबात त्यांना जागा मिळत नाही आणि सिंधबाहेर पाया नाही, हे या नेत्याचे सर्वांत मोठे दुखणे. कालव्याच्या प्रकरणात ते पावलोपावली नडले.

एक तांत्रिक बाब इथेच सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाला ती सहसा ठाऊक नसते. निवडणूक आयोगाकडे ‘पीपल्स पार्टी’ दोन आहेत. तलवार चिन्हाच्या मूळ पक्षाचे अध्यक्ष बिलावल. निवडणुका मात्र लढवल्या जातात बाण चिन्हाच्या ‘पीपल्स पार्टी पार्लमेंटेरियन्स’कडून. मुशर्रफ यांच्या २००२च्या निर्बंधांतून वाट काढण्यासाठी हा दुसरा पक्ष नोंदवला होता. २०२४च्या निवडणुकीच्या वेळी त्याचे प्रमुख झरदारी होते. म्हणजे सरकारचा पाठिंबा काढण्याची भाषा मुलगा करतो, पण ज्या खासदारांच्या जोरावर ती करतो, ते ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले त्याची सूत्रे वडिलांकडे. इस्लामाबादेत हे प्रत्येकाला माहीत असते. म्हणून बिलावल काही बोलले की पहिला प्रश्न येतो: झरदारी साहेबांचे काय म्हणणे आहे?

फेब्रुवारी २०२४च्या निवडणुकीनंतर कोणालाच बहुमत नव्हते. सभागृह ३३६चे, बहुमत १६९ला. शाहबाज यांची मुस्लिम लीग (नवाज) ११०च्या आसपास, पीपल्स पार्टी ७०च्या आसपास. एमक्यूएम आणि छोटे पक्ष लीगच्या झोळीत घातले तरी आकडा १५०च्या आतबाहेर. बिलावल यांनी एक सोयीचा सौदा केला. शाहबाज यांना मत द्यायचे, पण मंत्रिमंडळात जायचे नाही. बदल्यात झरदारी राष्ट्राध्यक्ष, गिलानी सिनेटचे सभापती, पंजाब व खैबरचे राज्यपाल आणि बलुचिस्तानचे मुख्यमंत्रिपद. ‘सत्तेची फळे हवीत, जबाबदारी नको’ अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. पण मंत्रिमंडळाबाहेर राहिल्यामुळेच वर्षभरानंतर बिलावल यांना सरकारविरुद्ध सभा घेता आली. केंद्रात पक्षाचे मंत्री असते, तर राजीनामे कधी देणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी गळ्यात पडला असता.

कालवा, आणि पाणी नेमके कोणाचे

प्रकल्प सहा कालव्यांचा: पंजाबातील चोलिस्तान आणि ग्रेटर थल, बलुचिस्तानचा कच्छी, खैबरचा चष्मा उजवा उपसा कालवा, आणि सिंधचे रैनी व थर. हो, दोन कालवे खुद्द सिंधचेच होते. सभांमधून ही गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. भांडण खऱ्या अर्थाने एकाचेच होते. चोलिस्तान कालवा: लांबी १७६ किलोमीटर, क्षमता ४,१२० क्युसेक, अंदाजे खर्च २११ अब्ज पाकिस्तानी रुपये. लष्कराचा पाठिंबा असलेल्या ‘ग्रीन पाकिस्तान’ या कॉर्पोरेट शेतीच्या योजनेतला तो मुख्य दुवा. चोलिस्तान म्हणजे आपल्या राजस्थानच्या वाळवंटाचीच पलीकडची बाजू. अलीकडे हरिकेहून निघणारा इंदिरा गांधी कालवा जे करतो, तेच पलीकडे करायचे होते.

आकडा आपल्या मापात बघू. ४,१२० क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ०.३६ टीएमसी. पावसाळ्याचे चार महिने कालवा पूर्ण क्षमतेने चालला तर ४३ टीएमसीच्या घरात, उजनीच्या उपयुक्त साठ्यापेक्षा काहीसे कमी. १९९१च्या पाणीवाटप करारात सिंधचा वाटा ४८.७६ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे २,१२४ टीएमसी, वीस कोयना धरणांएवढा. पंजाबचा ५५.९४. मग ४३ टीएमसीवर एवढा गदारोळ का?

कारण प्रश्न किती पाण्याचा नव्हता. ते कुठून येणार, हा होता. कालवा निघणार होता सतलजवरच्या सुलेमानकी बंधाऱ्यातून. १९६०च्या सिंधू करारानुसार सतलज भारताच्या वाट्याची. पुराचे पाणी सोडले तर सुलेमानकीला नदीचे म्हणून फारसे काही पोचत नाही. मग बंधाऱ्यात पाणी असते कुठून? जोडकालव्यांतून. झेलमचे पाणी रसूल–कादिराबाद जोडकालव्याने चिनाबवर येते, तिथून कादिराबाद–बल्लोकीने रावीवर आणि बल्लोकी–सुलेमानकीने सतलजवर. झेलमचे पाणी असे पूर्वेला वळवले की झेलम–चिनाबच्या खालच्या पट्ट्यात तूट येते, आणि ती भरायला चष्मा–झेलम जोडकालवा उघडून थेट सिंधू नदीचे पाणी घेतले जाते. सिंधमधल्या पाटबंधारे अभियंत्यांचा आक्षेप हाच: कागदावर सतलजचा पूर, प्रत्यक्षात सिंधूचा उन्हाळी प्रवाह. पंजाबचे उत्तर होते की आम्ही आमच्या वाट्यातले पाणी कसे वापरावे, हे इतरांनी सांगू नये. वाटा ठरलेला असताना हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण वाटा ठरलेला असला तरी तो मोजायचा कसा आणि तूट वाटायची कशी, यावर दोन्ही प्रांत तीस वर्षे भांडत आहेत. नगर-नाशिक आणि जायकवाडीचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यात काही नवे वाटणार नाही.

त्यात २०२५च्या खरिपाच्या सुरुवातीलाच चाळीस टक्क्यांहून अधिक तुटीचा अंदाज सिंधू नदी प्राधिकरणाने दिला होता. कोट्री या शेवटच्या बंधाऱ्याच्या खाली सिंधू समुद्राला मिळते तिथे पाणी इतके कमी पोचते की ठट्टा, सुजावल, बदीनमध्ये समुद्र आत शिरला आहे, शेतजमिनी खाऱ्या झाल्या आहेत. सिंधी माणसाला कालवा म्हटले की आधी हे आठवते.

कागद कुठे कुठे फिरला

अशा प्रकल्पाचा मार्ग ठरलेला आहे. प्रांत प्रस्ताव करतो. सिंधू नदी प्राधिकरण, म्हणजे ‘इर्सा’, पाणी उपलब्ध असल्याचे प्रमाणपत्र देते. नियोजन खात्याची कार्यकारी समिती छाननी करते, राष्ट्रीय आर्थिक परिषदेची समिती ‘एकनेक’ मंजुरी देते. प्रांतांत वाद असेल तर सामाईक हितसंबंध परिषद.

इर्साने प्रमाणपत्र दिले १७ जानेवारी २०२४च्या बैठकीत. सिंधच्या सदस्याचा विरोध नोंदवून, चार विरुद्ध एक मतांनी. एकनेकची तात्पुरती मंजुरी ७ फेब्रुवारी २०२४ची. मतदान ८ फेब्रुवारीला होते. म्हणजे काळजीवाहू सरकारने, मतदानाच्या आदल्या दिवशी, पुढच्या पन्नास वर्षांच्या पाण्याचा निर्णय पुढे रेटला. सगळे राजकारणी प्रचारात होते आणि कोणाचे लक्ष नव्हते, असे मानायला आम्ही तयार नाही. पण आरडाओरडा झाला नाही, हे खरे.

परिषदेने घटनेच्या कलम १५४ नुसार नव्वद दिवसांतून एकदा तरी बसायचे असते. नव्या सरकारच्या काळात ती वर्षभर बसलीच नाही. सिंध सरकारने विषय तिच्याकडे नेला, पण बैठकच नाही म्हटल्यावर कागद पडून राहिला.

बिलावल यांच्या दृष्टीने खरी अडचण यापुढची. ८ जुलै २०२४ला राष्ट्राध्यक्ष भवनात ‘ग्रीन पाकिस्तान’वर बैठक झाली. तिच्या इतिवृत्तात सहाही कालव्यांना झरदारींनी पसंती दिल्याची नोंद होती. हे इतिवृत्त बाहेर आले तेव्हा सिंधमध्ये एकच प्रश्न उरला: बापाने पाणी विकले आणि मुलगा कालव्याविरुद्ध बोलतो, तर खरे काय? पक्षाचा बचाव होता की राष्ट्राध्यक्षांना कालवा मंजूर करायचा अधिकारच नाही. कायद्याने बरोबर. अठराव्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. पण जाहीर सभेत ‘अधिकार नव्हता’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. अधिकार नव्हता तर बैठक कशाला घेतली, हा प्रतिप्रश्न तयारच असतो.

रस्ता दुसऱ्यांनी अडवला होता

सिंधी राष्ट्रवादी पक्ष, वकील संघटना, लेखक, शेतकरी हे २०२४च्या हिवाळ्यापासून रस्त्यावर होते. पीपल्स पार्टी २००८पासून सिंधमध्ये सत्तेत आहे. त्यामुळे मोर्चेकऱ्यांच्या घोषणा जितक्या पंजाबविरुद्ध, तितक्याच बिलावल यांच्याविरुद्ध. १५ फेब्रुवारी २०२५ला मरियम नवाज आणि लष्करप्रमुख असीम मुनीर यांनी चोलिस्तानमध्ये प्रकल्पाचा शुभारंभ केला, तेव्हा पक्षाला कुंपणावर बसून राहणे अशक्य झाले.

मग जे केले त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी घरातली गाठ सोडवली: १० मार्चला संसदेच्या संयुक्त अधिवेशनात खुद्द झरदारींनी, राष्ट्राध्यक्ष म्हणून, कालव्यांच्या एकतर्फी निर्णयाला आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले. जुलैच्या इतिवृत्तावर याहून चांगले औषध नव्हते. तीन दिवसांनी सिंध विधानसभेचा एकमुखी ठराव. ४ एप्रिलला, झुल्फिकार अली भुट्टोंच्या पुण्यतिथीला, गढी खुदाबख्शच्या सभेत बिलावल यांनी पंतप्रधानांना उद्देशून कालवे नामंजूर असल्याचे ठणकावले. एप्रिलच्या सुरुवातीलाच सिंध उच्च न्यायालयाने इर्साच्या प्रमाणपत्रावर स्थगिती दिली. १८ एप्रिलला सिंधमधल्या हैदराबादेत शेवटची पायरी: प्रकल्प मागे घेतला नाही तर आम्ही तुमच्याबरोबर चालू शकणार नाही.

घरातले मतभेद आधी मिटवायचे, मग ठराव करायचा आणि धमकी सगळ्यांत शेवटी द्यायची. उलट क्रमाने गेले असते, तर पहिल्याच दिवशी जुलैचे इतिवृत्त तोंडावर फेकले गेले असते.

त्याच दिवशी वकिलांनी खैरपूर जिल्ह्यात, सक्करजवळच्या बाबरलोई इथे राष्ट्रीय महामार्गावर ठिय्या मांडला. कराची बंदर आणि पंजाब यांना जोडणारी ही मुख्य नाडी. दोन्ही बाजूंना ट्रक, टँकर आणि कंटेनर यांच्या रांगा लागल्या. निर्यातीचा माल अडकला, नाशवंत माल उन्हात सडू लागला, चालक ट्रकखाली सावलीला झोपू लागले. सिंधचे पोलिस पीपल्स पार्टीच्या सरकारचे. त्यांनी लाठ्या चालवून रस्ता मोकळा केला असता तर पक्ष कायमचा कालव्याच्या बाजूचा ठरला असता. नाही केला तर पंजाबचे कारखानदार इस्लामाबादला फोन करणार. सरकारने दुसरा पर्याय निवडला. बिलावल यांच्या धमकीला खरे वजन आले ते या ठिय्यामुळे, आणि तो त्यांनी घातलेला नव्हता.

दहा दिवस

२० एप्रिलच्या सुमारास पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्लाह यांनी सिंधचे मंत्री शर्जील मेमन यांना फोन केला आणि चर्चेची दारे उघडली. २२ एप्रिलला पहलगाम. २३ला भारताने सिंधू करार स्थगित केला. २४च्या संध्याकाळी इस्लामाबादेत शाहबाज आणि बिलावल शेजारी बसून पत्रकारांसमोर आले: परिषदेत एकमत झाल्याखेरीज एकही नवा कालवा होणार नाही, आणि परिषद २ मे रोजी बसेल. ती तारीख नंतर अलीकडे आणली गेली.

भारताच्या निर्णयामुळेच कालवा थांबला, असे अनेकांनी लिहिले. आमच्या मते ते अर्धे खरे आहे. बोलणी आधीच सुरू झाली होती आणि महामार्ग आधीच बंद होता. पण माघार घेताना लाहोरमध्ये तोंड दाखवायला मुस्लिम लीगला कारण हवे होते. ‘शेजाऱ्याने पाणी रोखायची भाषा केली असताना घरात भांडायचे नाही’ हे कारण आयते मिळाले.

२४ तारखेच्या निवेदनातला कळीचा भाग ‘एकमत’. घटनेत परिषदेला एकमताची अट नाही, बहुमत पुरते. बहुमतावर गेले असते तर पाच विरुद्ध तीन. म्हणून बिलावल यांनी परिषदेत जिंकायचा प्रयत्नच केला नाही. बैठकीच्या आधी नियम बदलून घेतला. दुसरी तजवीज घटनेतच होती. कलम १५४च्या सातव्या उपकलमानुसार परिषदेच्या निर्णयावर नाराज असलेला प्रांत विषय संसदेच्या संयुक्त अधिवेशनात नेऊ शकतो आणि तिथला निर्णय अंतिम असतो. संयुक्त अधिवेशनात पीपल्स पार्टीशिवाय सरकारचे भागत नव्हते. सिंधचे मुख्यमंत्री मुराद अली शाह आठांच्या टेबलावर हरले असते तरी पुढच्या टेबलावर शाहबाज हरले असते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

२५ एप्रिलला सक्करच्या सभेत बिलावल यांनी मोर्चा भारताकडे वळवला: सिंधूतून एक तर आमचे पाणी वाहील, नाही तर त्यांचे रक्त. भारतात त्यांची ओळख या वाक्याने झाली, जशी आधी डिसेंबर २०२२मधल्या मोदींवरच्या जहरी टीकेने आणि मे २०२३मधल्या गोव्यातल्या बाणावलीत झालेल्या शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेने झाली होती. परराष्ट्रमंत्री असताना, २०२२च्या महापुरानंतर, याच माणसाने हवामानबदलाच्या नुकसानभरपाईचा मुद्दा शर्म अल-शेखच्या परिषदेत लावून धरला होता; सिंधमध्ये पूरग्रस्तांसाठी २१ लाख घरांची योजना, प्रत्येकी तीन लाख रुपये हप्त्याहप्त्याने, जागेची मालकी घरातल्या बाईच्या नावे, ही त्यांच्या पक्षाच्या सरकारची खरोखर मोजण्याजोगी कामगिरी. सक्करच्या व्यासपीठावर मात्र त्यातले काही नव्हते. सिंधी राष्ट्रवाद्यांनी महिनोन्‌महिने पेटवलेला राग आपल्या सरकारवरून उचलून सीमेपलीकडे ठेवायचा होता, आणि तेवढ्यापुरते ते साधले.

हाती काय लागले

२८ एप्रिलच्या निर्णयाचे शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात. प्रांतांत परस्पर सहमती होईपर्यंत नवे कालवे नाहीत. एकनेकची ७ फेब्रुवारीची तात्पुरती मंजुरी आणि इर्साचे १७ जानेवारीचे प्रमाणपत्र ‘परत’ पाठवले. रद्द केले असे नाही. नियोजन खाते आणि इर्सा यांनी सर्वांशी सल्लामसलत करायची, आणि केंद्र व प्रांतांची समिती नेमायची. पंजाबने उद्या नवा प्रस्ताव आणला तर तो बेकायदा ठरणार नाही. फक्त पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल.

रस्त्यावरच्या लोकांना हे कळले होते. २० मेला नौशहरो फिरोज जिल्ह्यातल्या मोरो गावी कालवे व कॉर्पोरेट शेतीविरोधी निदर्शनांत पोलिसांशी चकमक झाली, आंदोलकाचा जीव गेला आणि जमावाने सिंधच्या गृहमंत्र्यांचे घर पेटवले. पक्षाने विजयी सभा घेऊन महिनाही उलटला नव्हता. बाबरलोईत संयमाने वागलेले पोलिस मोरोत तसे वागले नाहीत, आणि पीपल्स पार्टीने कमावलेले बरेचसे तिथे गमावले.

बिलावल यांनी तीच चाल नोव्हेंबर २०२५मध्ये पुन्हा खेळली. सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीचा सरकारी मसुदा बंद दाराआड फिरत होता. ३ तारखेला त्यांनी त्यातली कलमे समाजमाध्यमावर जाहीर करून टाकली. प्रांतांना मिळणाऱ्या केंद्रीय महसुलातल्या वाट्याचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव पक्षाने फेटाळला आणि तो वगळला गेला. पण लष्करी नेतृत्वाच्या रचनेशी संबंधित कलम २४३चे बदल मान्य केले, आणि राष्ट्राध्यक्षांना आजन्म खटल्यापासून संरक्षणही त्याच दुरुस्तीत आले. लष्कराशी थेट भिडायची वेळ आली की हा पक्ष थांबतो. चोलिस्तानच्या प्रकरणातही बिलावल यांच्या भाषणांचा रोख शरीफांवर होता, शुभारंभाला उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यक्तीवर नव्हता.

त्याच महिन्यात, २३ नोव्हेंबरला, नॅशनल असेंब्लीच्या सहा जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. सहाही मुस्लिम लीगने जिंकल्या. महिला व अल्पसंख्याकांच्या राखीव जागांच्या वादाचा निकाल जूनमध्येच सत्ताधाऱ्यांच्या बाजूने लागला होता. दोन्ही मिळून लीग आणि तिचे छोटे साथी पीपल्स पार्टीशिवाय बहुमताच्या उंबरठ्यावर आले. घटनादुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश अजून बिलावल यांच्याविना जमत नाही, सिनेटमध्ये तर नाहीच. पण कालव्याला घटनादुरुस्ती लागत नाही.